सर, तुमी शपथ कशाची घेणार?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराकडं एवढे किस्से कसे जमतात, असं लोक मला विचारतात. अहो, जमत नाहीत, अंगावर येतात! गणिताच्या सरांना कुणी रस्त्यात थांबवून वर्गमूळ विचारत नाही. पण तुम्ही नीतिशास्त्र शिकवता हे गल्लीत एकदा कळलं, की चूक काय न् बरोबर काय याची सगळी भांडणं तुमच्या दारात येऊन पडतात. त्यात मी देव मानत नाही. हे मी कुणाला मुद्दाम सांगितलेलं नाही, पण आमच्या नेकनूरला न सांगितलेली गोष्ट आधी कळते.

नीतिशास्त्राच्याच पेपरला कॉपी पकडल्याचा किस्सा मी सांगणार नाही. तो प्रत्येकाकडं असतो. माझे किस्से ओट्यावरचे आहेत.

स्टँडमागच्या गल्लीत वैजनाथ आप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, मागं त्यांचं घर, पुढं ओटा. शेजारी रफिकभाईंचं मोटारसायकलचं गॅरेज. समोर वरच्या मजल्यावर भाड्यानं मी आणि माझी बायको सुनंदा. आप्पा कट्टर शिवभक्त, रफिकभाई पाच वक्ताचे नमाजी आणि मी हा असा. इतकी वर्षं आम्ही तिघं एका ओट्यावर बसतो, एकाच किटलीतला चहा पितो, आणि माणसानं चांगलं का वागायचं यावर आमचं अजून एकदाही एकमत झालेलं नाही!

*

सोमवारी सकाळी आप्पा महादेवाला जातात. शुक्रवारी दुपारी रफिकभाई नमाजला जातात. दुकान आणि गॅरेज दोन्ही उघडी. सांभाळणार कोण? मी!

पहिल्यांदा आप्पांनी मला गल्ल्यावर बसवलं तेव्हा मी विचारलं, "मीच का?"

"मग काय! तुमाला कुठं जायचंय? ना नमाज, ना पूजा. रिकामेच तर हाय तुमी!"

माझं कॉलेज बीडला. सोमवारचा तास दुपारी आणि शुक्रवारचा सकाळी, त्यामुळं मला नाही म्हणायलाही जागा नव्हती. एका शुक्रवारी एक माणूस गाडी ढकलत घामाघूम होऊन आला. "मेकॅनिक कुठाय?"

"नमाजला गेलेत."

"मग तुमी कोण?"

"मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक."

त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "म्हंजे ब्रेक आज होत न्हाई," म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

सोमवारची गत त्याहून वाईट. एक बाई सत्यनारायणाचं सामान घ्यायला आल्या. मी यादीबरहुकूम सगळं काढून दिलं, पिशवीत भरलं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं दरसाली करता का वो?"

"नाही. मी मानत नाही."

बाईंनी पिशवी जशीच्या तशी गल्ल्यावर ठेवली आणि चालू लागल्या. आप्पा देवळातून आल्यावर कपाळाला हात लावून बसले. "सर, गिऱ्हाईकानं इचारलं म्हणून सगळंच सांगायचं असतंय का?"

"विचारलं तर खरंच सांगणार ना!"

"कुणी सांगितलंय तुमाला असं?"

कुणी सांगितलंय! तीच तर गोष्ट आहे. कुणीही सांगितलेलं नाही, तरी मी खरं बोलतो. याचं कुणाला काही कौतुक? उलट आप्पांना वाटतं, वरून हुकूम नसताना खरं बोलणारा माणूस म्हणजे बिनपगारी पहारेकरी. कधी सोडून जाईल, नेम नाही!

*

आप्पांच्या खरं बोलण्याचं वेळापत्रक आहे. सकाळची पूजा करून ताजं भस्म कपाळाला लावलं, की ते पुसेपर्यंत आप्पा खोटं बोलत नाहीत. जीव गेला तरी नाही. गल्लीतल्या जाणत्या बायका कापूर घ्यायला म्हणूनच सकाळी येतात.

"आप्पा, कापूर शुद्ध हाय का?"

"न्हाई माय. भेसळ हाय. पण जळतो."

तोच कापूर दुपारी, भस्म घामानं पुसलं की, एकदम शुद्ध भीमसेनी होतो! मी एकदा चिडून विचारलं, "आप्पा, तुमचा महादेव दुपारी झोपतो का?"

"झोपत न्हाई सर. पण कपाळ पुसल्यावर तो मला वळखत न्हाई."



रफिकभाईंचं वेळापत्रक वर्षाचं आहे. रमजानमध्ये एक जण जुनी गाडी घेऊन आला. विकायची होती, म्हणून मीटर मागं फिरवून पाहिजे होतं. रफिकभाई म्हणाले, "रोजा हाय भाऊ. असलं काम करत न्हाई." तो बिचारा वळला, तर मागून हाक मारली, "ईदनंतर या!"

मी ओट्यावरून उठलोच. "रफिकभाई, फसवणूक ती फसवणूक! तारीख बदलली म्हणून ती काय पुण्य होते?"

रफिकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "क्या सर, मी एक महिना तर पाळतो. तुमच्यात कोणता महिना असतो?"

मी दोन दिवस उत्तर शोधत होतो. आमच्यात बाराही महिने असतात, हे ते उत्तर. पण ते मनातल्या मनातही फार जोरात निघेना.

*

दुकानांच्या मागची भिंत स्टँडच्या बाजूला आहे. एसटीतून उतरलेला माणूस आधी त्या भिंतीकडं पळतो. वासानं आप्पांच्या घरात जेवण जाईना. शेवटी आप्पांनी भिंतीवर महादेवाच्या टाइल्स बसवल्या. रफिकभाईंनी त्यांच्या बाजूला हिरव्या घुमटाच्या टाइल्स बसवल्या. मधला तुकडा उरला.

"सर, ह्यो तुमचा," आप्पा म्हणाले.

मला खरंच आनंद झाला. भीतीशिवाय, फक्त विचारानं माणूस सुधारतो हे दाखवून द्यायची संधी! मी स्टुलावर उभं राहून ब्रशनं स्वतः लिहिलं: 'ही भिंत सगळ्यांची आहे. तुमच्या दारात कुणी असं केलं तर तुम्हाला चालेल का? विचार करा.'

दुसऱ्या दिवशी महादेव कोरडा, घुमट कोरडा आणि माझा तुकडा खालपासून गुडघ्यापर्यंत ओला!

गल्लीत सच्याचं मोबाईलचं दुकान आहे. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तोच. त्यानं भिंतीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि वर मला येऊन सांगितलं, "सर, तुमच्या भागाला लई वाचक हायत! उभं राहून पूर्ण वाचतेत. वाचेस्तवर तेवढा टाइम लागतोच की!"

महिनाभरात आप्पांनी मला न विचारता माझ्या तुकड्यावरही एक टाइल चिकटवली. त्या दिवसापासून भिंत कोरडी. टाइल कोणत्या देवाची आहे, मला ओळखू येईना. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "मलाबी कळंना. पण डोळे मोठे हायत. तेवढं पुरं."

*

वर्गात तरी बरं असेल असं तुम्हाला वाटेल. धर्म म्हणतो देवाची आज्ञा म्हणून चांगलं वाग. जर्मनीतला एक तत्त्वज्ञ म्हणतो, आज्ञा तुझ्याच बुद्धीची आहे, ती पाळ, परिणाम काय व्हायचा तो होऊ दे, खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. इंग्लंडातले म्हणतात, परिणामच बघ, जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात आहे ते कर. हे सगळं मी एकदा घसा ताणून शिकवलं. फळा भरला. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला.

"सर, ऐनवेळी हे सगळं आठवतं का?"

"कोणत्या वेळी?"

"म्हंजे समोर माणसं उभी असतेत, आन् बोलायची वेळ येती, तवा?"

घंटा झाली म्हणून वाचलो. वर्गात हे एक बरं असतं. सगळ्या बाजू सांगायच्या आणि घंटा झाली की निघायचं.

*

आता माझ्या खरं बोलण्यानं काय होतं ते ऐका. आप्पांचा पुतण्या महेश, लग्नाचा. लिंबागणेशहून पाहुणे चौकशीला आले आणि ओट्यावर बसले. आप्पांना विचारलं. आप्पांनी पुतण्याला हिऱ्याच्या पंगतीत नेऊन बसवलं. दुपार होती, भस्म केव्हाच पुसलेलं. रफिकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पुढं अल्लाची मर्जी." मग पाहुणे माझ्याकडं वळले. "सर, तुमी शिकलेले माणसं. तुमी खोटं बोलणार न्हाई."

नाहीच बोललो! पोरगा मनानं चांगला आहे म्हणालो, पण पुण्याची नोकरी सुटलीय आणि शनिवारी पितो, हेही सांगितलं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले.

आप्पांनी पुढं कितीतरी दिवस मला चहा विचारला नाही. माझ्यासमोर रफिकभाईंना म्हणायचे, "सर खोटं बोलत न्हाईत, हे मान्य हाय. पण त्यांचं खरं आजवर कुणाच्या कामाला आलंय का, तेवढं दाखवा!"

घरी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलले ते."

मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. त्या लिंबागणेशच्या मुलीचं काय? पण तिचं नाव काढलं की सगळे असे बघतात की जणू ती मुलगी म्हणजे मी पुस्तकातून काढलेलं उदाहरण!

*

रफिकभाईंनी बकरी ईदसाठी एक बोकड घेतला. काळाभोर, कपाळावर पांढरा चांद. नाव ठेवलं बादशहा. स्वतःच्या हातानं त्याला चारा घालायचे, अंग पुसायचे, गॅरेजपुढच्या लिंबाखाली बांधायचे. ज्याची कुर्बानी द्यायची त्याच्यावर जीव लावायचा, हे मला कळत नव्हतं. मी तसं म्हणालो. रफिकभाई म्हणाले, "जीव न्हाई लावला तर देतो काय मंग आपण? नुसतं मटन?"

दोरी जरा ढिली राहिली की बादशहा काहीही खायचा. माझं नीतिशास्त्राचं पुस्तक ओट्यावर राहिलं होतं, त्याची 'कर्तव्य' आणि 'सद्गुण' ही दोन प्रकरणं त्यानं बघता बघता चावून टाकली. आप्पा म्हणाले, "चला, गल्लीत एकाला तरी पचलं."

हे एवढ्यासाठी सांगतोय की बादशहाचं रेकॉर्ड काही चांगलं नव्हतं.

*

आणि आता बेलाची गोष्ट.

आप्पांनी परळीहून बेलाचं रोप आणून ओट्याच्या कडेला लावलं होतं. परळी वैजनाथची माती, परळीचा बेल! तारेची छोटी जाळी, रोज सकाळी तांब्याभर पाणी. रोप चांगलं कमरेएवढं झालं होतं. त्याची पानं आप्पा रविवारी तोडायचे आणि सोमवारी महादेवाला वाहायचे. सोमवारी बेल तोडायचा नाही, हा नियम. सोमवारी तोडला तर पाप. बेल घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आप्पा हे ऐकवायचे, अगदी दुपारीसुद्धा.

एका रविवारी आप्पा लग्नाला गेले आणि उशिरा आले. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणं दुकान सांभाळायला खाली उतरलो. जरा आधीच उतरलो होतो. बघतो तर आप्पा जाळी बाजूला करून, वाकून, घाईघाईनं रोपाची पानं ओरबाडत होते. एक एक त्रिदळ उपरण्यात टाकत होते. चाहूल लागली तसे वळले. आमची नजरानजर झाली.

"आज लवकर आले, सर," एवढंच म्हणाले. उपरणं छातीशी धरून देवळाकडं गेले. जाळी उघडीच राहिली.

मला खरं सांगायचं तर हसू आलं. चला, आप्पाही माणूसच!

दुपारी मी बीडला तास घेत होतो तेव्हा सच्यानं ग्रुपवर फोटो टाकला. बोडकं झालेलं रोप, शेंड्याला उरलेलं एकच त्रिदळ, उघडी जाळी, आणि शेजारी दोरी सोडवून उभा असलेला बादशहा, तोंडानं काहीतरी चघळत. खाली लिहिलं होतं, 'ईदच्या बोकडानं महादेवाचा बेल खाल्ला.'

मी परतीच्या एसटीतच ते वाचलं. हसू कुठल्या कुठं गेलं. त्याखाली लोक काय काय लिहीत होते! बोकड बाहेर काढा. गॅरेज पण बाहेर काढा. आमच्या गल्लीतले लिहीत होते तसे गल्लीबाहेरचेही लिहीत होते. त्यांना सच्यानं कधी घेतलं ग्रुपमध्ये, काय माहीत. आणि आप्पा? आप्पांचं त्यात एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी गल्लीत आलो तर ओट्यापुढं पन्नासेक माणसं. तोंडओळखही नसलेली दोन-चार पोरं गाड्यांवर बसलेली. तिकडून मशिदीच्या बाजूनं काही माणसं येऊन गप उभी राहिलेली. मध्ये रफिकभाई, बादशहाची दोरी हाताला गुंडाळून. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

सच्या म्हणाला, "रफिकभाई, कुराण उचला आन् सांगा, बोकडानं खाल्लं न्हाई म्हणून."

"बोकडासाठी कुराण उचलत न्हाई. खरं असलं तरी न्हाई."

"बघा! उचलत न्हाईत!" गाडीवरचं एक पोरगं ओरडलं.

सच्या आप्पांकडं वळला. "आप्पा, मग तुमी बेल उचलून सांगा. संपला इषय."

आप्पांनी स्वतःच्या तळहाताकडं बघितलं. "माझी पूजेची येळ झाली," म्हणाले आणि आत निघून गेले.

निघून गेले! मला इतका संताप आला, इतका संताप आला की पायातली चप्पल काढून त्या दारावर फेकावी. खोटी शपथ घेणार नाही, तेवढा धर्म आहे. पण खरं बोलायचा? तो कुठल्या देवळात ठेवून आले?

आता राहिलो मी. पाहिलेला एकटा माणूस. आप्पांचं नाव घ्यावं तर आप्पांची या गल्लीत मान राहत नाही, दुकानही राहत नाही. गप्प बसावं तर रफिकभाईंचं गॅरेज आज ना उद्या जातं. फळ्यावरचं काही आठवतंय का बघितलं. मागच्या बाकावरच्या मुली, ऐक. काहीही आठवत नाही!

मी पुढं झालो. "बोकडानं खाल्लेला नाही. मी सकाळी डोळ्यांनी बघितलंय."

"मग कुणी तोडला?"

"ते मी सांगणार नाही. पण बोकडानं नाही."

"शपथ घ्या," सच्या म्हणाला.

"मी खोटं बोलतो का रे कधी? लिंबागणेशच्या पाहुण्यांना विचार!"

"ते ठीक हाय. पण असल्या इषयात शपथ लागती सर. तुमी शपथ कशाची घेणार? तुमाला देव न्हाई!"

सगळ्या गल्लीची दुकानं मी सांभाळायची, गल्ल्यावर मी बसायचं, भिंतीला उपदेश मी करायचा. आणि शब्दाला तारण मागायची वेळ आली की मी दिवाळखोर!

"पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मुलगा पुण्याला आहे."

"व्हिडिओ कॉल लावा!"

आणि लावला हो! सच्यानं माझ्याच फोनवरून लावला. स्क्रीनवर आमचा चिरंजीव. "पप्पा, मीटिंगमध्ये आहे, काय झालं?" सच्या म्हणतो, "दादा, जरा डोकं खाली कर, पप्पांना वर हात ठिवायचाय." मी वेड्यासारखा हात वर केला, तेवढ्यात गर्दीतून सुनंदा आली आणि तिनं फोन हिसकून घेतला.

"माझ्या पोराच्या डोक्यावर कुणी शपथ घ्यायची नाही!"

"अगं, पण खरी शपथ आहे!"

"खरी असली तरी नाही!"

आता माझ्याच घरातून साक्ष फुटल्यावर लोक काय समजणार? गर्दीत कुजबूज सुरू झाली. गाडीवरची पोरं खाली उतरली. तेव्हा रफिकभाई हलक्या आवाजात म्हणाले, "सर, बादशहाच्या डोक्यावर हात ठिवा. मला चालतंय."

"खोटं निघालं तर बोकड मरंल!" कुणीतरी म्हणालं.

"तो ईदला मरणारच हाय की बे!" आणि गर्दी हसली.

रफिकभाई हसले नाहीत. "ईदच्या आधी मेला तर माझी कुर्बानी जाती. हातानं चारलंय मी त्याला. दुसरं काय हाय माझ्याकडं ठिवायला? गॅरेज तर तुमी नेतच हाय."

मी बादशहाजवळ गेलो. तो ओट्याच्या कडेला, त्या रोपाला लागूनच उभा होता. ज्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही त्यातली ही एक. तरी मी हात आधी सदऱ्याला पुसून घेतला, हे खरं.

"थांबा, सर."

आप्पा दारात उभे होते. अंघोळ केलेली, कपाळावर तीन बोटांचं ताजं भस्म. गर्दीतल्या बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींना कोपरानं ढोसलं.

आप्पा खाली उतरले. मला बाजूला केलं आणि बादशहाच्या कपाळावर, त्या पांढऱ्या चांदावर स्वतःचा हात ठेवला. "ह्या मुक्या जनावरानं काय खाल्लेलं न्हाई. बेल मी तोडला."

"आज? सोमवारी?" सच्याला खरं वाटेना.

"सोमवारी. काल इसरलो, आन् आज लबाडी केली. दिवसभर ऐकत बसलो तुमचं, ती दुसरी लबाडी. पाप माझं हाय. माझा महादेव न् मी बघून घिऊ. तुमी घरी जा."

रफिकभाईंनी हाताला गुंडाळलेली दोरी ढिली सोडली. गाडीवरची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पांना दरदरून घाम फुटला होता. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. भस्म सगळं उपरण्याला आलं.

आणि नेमकं तेव्हा, सगळे आप्पांच्या तोंडाकडं बघत असताना, बादशहानं मान लांब केली आणि रोपाच्या शेंड्याचं ते एकुलतं एक त्रिदळ अलगद तोडून खाल्लं. माझ्यापासून हातभर अंतरावर!

सच्याचं लक्ष गेलं ते उशिरा. त्यानं रोपाकडं बघितलं, बोकडाच्या हलणाऱ्या तोंडाकडं बघितलं. "ए! एक पान होतं की शेंड्याला! आत्ता खाल्लं का ह्यानं? खाल्लं ना?" पोरं पुढं सरकली. सच्यानं माझा दंड धरला. "सर, तुमी तर इथंच हाय. तुमी खोटं बोलत न्हाई. खरं सांगा, खाल्लं का?"

रफिकभाई माझ्याकडं बघत होते. आप्पा माझ्याकडं बघत होते. हातात माझा फोन घट्ट धरून सुनंदा बघत होती. बादशहा चघळत होता.

"न्हाई," मी म्हणालो.

सच्या पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला.

"बास बे! सरांच्या शब्दाला शपथ लागत न्हाई."